इन्सर्ट बसवण्याआधी जुनं धुराडं साफ करा

अमेरिकेतल्या जुन्या घरात वर्षानुवर्षं न पेटवलेली फायरप्लेस असेल आणि तिच्यात लाकडावर चालणारा नवा इन्सर्ट (फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी बंद शेगडी) बसवायचा असेल, तर सफाई आधी उरकून घ्या. तो एकदा बसला की मागे हात जात नाही.

राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम नको. बारीक राख त्याच्या फिल्टरमधून निसटून घरभर बसते. एन-95 मास्क लावा, खाली जुनी चादर अंथरा.

खरी घाण असते ती डॅम्परच्या, म्हणजे धुराडं उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या झडपेच्या मागे, स्मोक शेल्फ नावाच्या आडव्या कट्ट्यावर. सगळे नेमकं तेच विसरतात. टॉर्च मारून बघा: काजळीचे ढीग, विटांचा चुरा, पालापाचोळा, क्वचित घरटंही. धुराड्यात घरटं करणाऱ्या ‘चिमनी स्विफ्ट’ पक्ष्यांचं घरटं अंडी-पिल्लांनी भरलेलं दिसलं तर काम थांबवा. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. हिवाळ्याआधी ते दक्षिणेकडे निघून जातात.

भुरभुरीत काजळी ताठ ब्रशने निघते. डांबरासारखा चकचकीत क्रिओसोट (लाकडाच्या धुरातून साठलेला थर) मात्र ब्रशला दाद देत नाही. त्याच्या नादी स्वतः लागू नका, धुराडं साफ करणाऱ्या जाणकाराला बोलवा. हा थर पेटला तर आग थेट धुराड्यात लागते, आणि पेटला नाही तरी दमट हवेत घरभर जळका वास सुटतो.

उपकरण बदलताना एनएफपीए 211 या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकानुसार लेव्हल 2 तपासणी लागते. त्यात कॅमेऱ्याने धुराड्याच्या आतल्या भेगा दिसतात. स्टेनलेस स्टीलचा लायनर (धुराड्याच्या आत बसणारी नळी) त्यानंतरच टाकायला सांगा.