‘टेन्शन’च्या पुढचे शब्द : आठवी-नववीच्या वर्गशिक्षकांसाठी

आठवी-नववीच्या वर्गाला ‘आज कसे वाटते आहे?’ असे विचारले, तर ‘टेन्शन’, ‘बोअर’, ‘मूड ऑफ’ आणि ‘काही नाही’ या चार उत्तरांत सारा वर्ग आटोपतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात सांगितलेली दहा जीवनकौशल्ये अनेक शाळांच्या भिंतींवर रंगवलेली असतात. समानुभूती, भावनांचे समायोजन, ताणतणावाचे समायोजन ही त्यांतलीच. मात्र भिंतीवरची यादी वाचून पोहायला कोणी शिकत नाही, तसेच याही कौशल्यांचे आहे. या कौशल्यांसाठी आठवड्याची एक तासिका मिळत असेल, तर पहिले दोन महिने समुपदेशनाचे मोठे बेत न आखता केवळ भावनांच्या शब्दांसाठी द्यावेत, असे माझे मत आहे.

त्यासाठी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यावी आणि गेल्या आठवड्यातला मनाला लागलेला किंवा सुखावून गेलेला एक प्रसंग नाव न घालता दोन ओळींत लिहायला सांगावे. शिक्षकांनी चिठ्ठ्या आधी स्वतः वाचाव्यात, कोणाची ओळख पटेल अशा बाजूला ठेवाव्यात आणि उरलेल्यांतील एकेक प्रसंग फळ्यावर घेऊन त्याला नेमका शब्द शोधायला लावावा. उत्तर चुकल्यावर वर्ग हसला तेव्हा जे झाले ते ओशाळणे. सहलीच्या बसमध्ये जिवलग मैत्रिणीने दुसरीसाठी जागा धरली तेव्हाचे हिरमुसणे. धाकट्या भावाचे कौतुक ऐकताना वाटली ती असूया. निकालाच्या आदल्या रात्रीची धास्ती आणि घरात आईवडिलांचा अबोला असतानाची घालमेल. या साऱ्यांना ‘टेन्शन’ म्हटले की उपायही एकच सुचतो, तो म्हणजे मोबाईल हातात घेणे. वास्तविक ओशाळलेल्या मुलाला हवी असते ती सोबत आणि धास्तावलेल्याला हवी असते ती माहिती. मुले घरच्या बोलीतला शब्द सुचवतील, तोही फळ्यावर मानाने लिहावा. कित्येकदा तोच अधिक नेमका निघतो. भावनेला शब्दांत मांडले असता भीतीसारख्या भावनांशी निगडित असलेल्या मेंदूतील अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया मंदावते, असे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांना २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले होते. तेव्हा हा निव्वळ भाषेचा तास आहे, अशी शंका घेणाऱ्या सहकाऱ्यांना उत्तर देता येते.

शब्द रुळले की घटना, विचार आणि भावना असे तीन रकाने वहीत आखायला द्यावेत. या मांडणीचे मूळ मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आहे. भावना केवळ घटनेतून नव्हे, तर तिच्याविषयीच्या आपल्या विचारातून उपजते, हे तिचे सूत्र. मित्राला पाठवलेल्या निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आले नाही, ही झाली घटना. ‘त्याला मी नकोसा झालो’ हा विचार मधल्या रकान्यात लिहिला की तो आपणच घातला आहे, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. येथे ‘चांगला विचार कर’ असा उपदेश करण्याचा मोह आवरावा. या विचाराला पुरावा काय, आणखी कोणती कारणे असू शकतात, आणि मित्र खरोखरच रागावला असेल तर काय करता येईल, एवढेच विचारावे. तिसरा प्रश्न वगळू नये, कारण कधीकधी मित्र खरोखरच रागावलेला असतो.

नकार देण्याचा सराव मात्र वहीत होत नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ सालच्या अभ्यासात, गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात समवयस्क जवळ असताना किशोरवयीनांनी एकटे असतानापेक्षा अधिक धोका पत्करला, आणि हा फरक प्रौढांच्या तुलनेत त्यांच्यात जास्त होता. म्हणून नकाराचा सरावही समवयस्कांसमोरच हवा. तिघांचा गट करावा : एकाने ट्रिपल सीट चलण्याचा किंवा गुटख्याची पुडी घेण्याचा आग्रह धरावा, दुसऱ्याने त्याला दुजोरा द्यावा आणि तिसऱ्याने नकार द्यावा. आग्रह तीनदा व्हायला हवा, कारण पहिला नकार सगळ्यांनाच जमतो. आग्रह धरणाऱ्याची भूमिका शिक्षकांनी घेऊ नये. शिक्षकांनी पुढे केलेली खोटी पुडी नाकारण्यात मुलांना काहीच कठीण वाटत नाही. नंतर भूमिका बदलाव्यात आणि कोणते वाक्य टिकले, कोणते दुसऱ्याच आग्रहात ढासळले, हे मुलांनाच सांगू द्यावे. लाजऱ्या मुलाला बळेच पुढे ओढू नये. तो निरीक्षक म्हणूनही पुष्कळ शिकतो.

या तासिकांना गुण देऊ नयेत. गुण आले की मुले शिक्षकांना आवडेल अशीच भावना लिहू लागतात.

मुले मोकळी झाली की एखादी चिठ्ठी हादरवणारीही येते, म्हणून ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन पहिल्या दिवसापासून देऊ नये. जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर योग्य व्यक्तीला सांगावेच लागेल, हे आधीच स्पष्ट करावे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. शाळेची अब्रू हे ती दडवण्याचे कारण होऊ शकत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे क्रमांक वर्गात दिसतील असे लावावेत.

राहता राहिला शिक्षकांचा स्वतःचा राग. एकदा गोंगाटाबद्दल मी भलत्याच मुलावर ओरडलो होतो. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर ‘काल मी वैतागलेलो होतो, तुझी चूक नव्हती, मला माफ कर’ एवढेच म्हणालो. मधल्या सुट्टीत दोन भांडलेल्या मुली माझ्या टेबलापाशी आल्या आणि ‘सर, माफी मागताना कारण आधी सांगायचे की नंतर?’ असे विचारू लागल्या. पुढची तासिका आम्ही त्याच प्रश्नावर घेतली.