लिमिटर लावला तरी स्पीड आवरत नाही? पीएफसेन्सवर या चुका टाळा

पुण्यातली एक अभ्यासिका. साठेक मुलं आणि १०० एमबीपीएसची एकच लाइन. मालकांनी पीएफसेन्सवर (राउटरचं काम करणारं फायरवॉल सॉफ्टवेअर) प्रत्येकाला ३ एमबीपीएसचा लिमिटर, म्हणजे स्पीडवरची मर्यादा, लावला होता, तरी संध्याकाळी सातनंतर लेक्चरचा व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहायचा. त्यांनी ३ चे २ केले, २ चा १ केला, पण फरक शून्य.

मी आकड्याला हात लावला नाही. आधी डायग्नॉस्टिक्स मेनूतलं लिमिटर इन्फो हे पान उघडलं. सध्या कोणत्या पत्त्याचं, म्हणजे फोन-लॅपटॉपच्या आयपी क्रमांकाचं, ट्रॅफिक लिमिटरच्या कोणत्या पाइपातून जातंय, ते तिथे दिसतं. हॉल भरलेला होता आणि पाइपात पत्ते होते जेमतेम सात-आठ. बाकीचं ट्रॅफिक लिमिटरला न शिवताच बाहेर जात होतं. नळाची चावी कितीही आवळा, पाणी दुसऱ्याच पाइपातून येत असेल तर काय उपयोग? माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. म्हणून स्पीडचा आकडा बदलण्याआधी ट्रॅफिक लिमिटरपर्यंत पोचतंय का, एवढं बघाच.

ट्रॅफिक निसटतं कुठून?

लिमिटर फायरवॉलच्या नियमाला जोडलेला असतो, त्या नियमात बसणारं ट्रॅफिकच त्यातून जातं. पीएफसेन्समध्ये नवा नियम उघडला की प्रोटोकॉलच्या रकान्यात आपोआप टीसीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) येतं. घाईत ते तसंच राहतं. आता यूट्यूबचं बरंचसं ट्रॅफिक क्विकवरून, म्हणजे यूडीपी या दुसऱ्या पद्धतीच्या ४४३ पोर्टवरून येतं. ते या नियमात बसतच नाही. मग खाली जो सगळ्यांना सोडणारा डीफॉल्ट नियम असतो, त्यातून ते बिनबोभाट निघून जातं. लिमिटरच्या नियमात प्रोटोकॉल ‘एनी’ (कोणताही) ठेवा.

दुसरी फट आयपीव्ही६ ची, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीची; जुनी ती आयपीव्ही४. लॅनवर, म्हणजे आतल्या नेटवर्कवर, डीफॉल्ट नियम दोन असतात, एक आयपीव्ही४ चा आणि एक आयपीव्ही६ चा. आपण लिमिटर लावतो पहिल्यालाच. फायबर कनेक्शनवर आयपीव्ही६ चालू असेल तर फोन आधी तोच रस्ता धरतो, आणि गूगल, फेसबुकसारख्या मोठ्या साइट त्यावर आहेतच. नियम दोन्हींना लावा. पण माणशी मर्यादा घालायची असेल तर इथे एक अडचण येते. आयपीव्ही६ वर एकाच फोनचे एका वेळी दोन-तीन पत्ते असू शकतात, म्हणजे त्याला तितके पाइप मिळतात. अशा छोट्या जागी मी सरळ लॅनवरचं आयपीव्ही६ बंद ठेवतो.

नियमांचा क्रमही बघा. लॅनच्या टॅबवर वरून खाली वाचत जो नियम आधी जुळेल तोच लागतो. लिमिटरचा नियम डीफॉल्ट नियमाच्या खाली असेल तर त्याची पाळीच येत नाही.

आणि सगळं बरोबर करूनही फरक दिसत नसेल, तर जुनी कनेक्शन अजून चालू आहेत असं समजा. नियम बदलला तरी आधीपासून चाललेलं डाउनलोड जुन्याच पद्धतीने चालू राहतं. त्यासाठी स्टेट्स (फायरवॉलमधल्या चालू कनेक्शनच्या नोंदी) रीसेट करावे लागतात. यात सगळ्यांचीच कनेक्शन तुटतात, तेव्हा कुणाची ऑनलाइन परीक्षा चालू असताना हे करू नका. चाचणीपुरता एकाच मशीनचा पत्ता शोधून तेवढेच स्टेट्स काढता येतात.

इन आणि आउट

नियमात लिमिटर निवडायच्या या दोन रकान्यांत भलेभले गोंधळतात. दिशा मोजायची ती फायरवॉलच्या बाजूने, वापरणाऱ्याच्या बाजूने नाही. लॅनवरच्या नियमात ‘इन’ म्हणजे मुलाकडून फायरवॉलकडे आलेलं, अर्थात अपलोड. ‘आउट’ म्हणजे डाउनलोड. खात्री करायला एका लॅपटॉपला केबल लावा, डाउनलोडला ४ आणि अपलोडला २ असे मुद्दाम वेगळे आकडे द्या आणि स्पीड टेस्ट करा. आकडे उलटे आले तर रकाने उलटे भरलेत. ही चाचणी वायफायवर करू नका, तिथली गडबड भलतीच दिशा दाखवते.

मास्कचंही असंच. कोणत्या पत्त्यागणिक वेगळा पाइप पाडायचा, ते मास्क ठरवतो. अपलोडच्या लिमिटरला सोर्स (पाठवणारा), डाउनलोडच्याला डेस्टिनेशन (घेणारा). डाउनलोडला चुकून सोर्स दिलं तर पाइप मुलागणिक न पडता समोरच्या सर्व्हरगणिक पडतात. आणि मास्क दिलाच नाही, तर ३ एमबीपीएसमध्ये अख्खा हॉल!

माणशी मर्यादा की समान वाटणी?

खरं सांगायचं तर अभ्यासिकेला माणशी ३ चा हिशोबच चुकीचा होता. साठ गुणिले ३ म्हणजे १८०, आणि लाइन १०० ची. गर्दीत ती तुंबणारच. उलट सकाळी सहाला पाच मुलं असतात, तेव्हा ८५ एमबीपीएस रिकामे पडून असतात आणि मुलं ३ वर अडकलेली. त्यापेक्षा ९० चा एकच लिमिटर बनवा, त्याच्यावर मास्क ठेवू नका. त्याच्याखाली एक क्यू (रांग) जोडा आणि मास्क त्या क्यूला द्या. नियमातही क्यूच निवडा. मग जितके जण वापरत असतील तितक्यांत ९० सारखे वाटले जातात. साठही जण एकदम बसले तरी दीड-दीड येतो, आणि ४८०पी लेक्चरला तेवढं साधारण पुरतं. अपलोडलाही हीच रचना.

शेड्युलर, म्हणजे रांगेतलं आधी कोणाचं सोडायचं ते ठरवणारी पद्धत, निवडताना मात्र जपून. लॅग (प्रतिसादातला उशीर) घालवायला एफक्यू-कोडेल उत्तम, पण त्यात वाटणी माणसागणिक न होता कनेक्शनगणिक होते. टोरेंटवाला पन्नास कनेक्शन उघडून जास्त वाटा घेऊन जातो. घरी मी एफक्यू-कोडेल लावतो. अभ्यासिकेत डब्ल्यूएफटूक्यू-प्लस ठेवलं.

१०० च्या लाइनला ९० का? लिमिट १०० ठेवलं तर रांग आपल्या राउटरमध्ये न लागता कंपनीच्या उपकरणात लागते, आणि तिथे आपला लिमिटर काहीच करू शकत नाही. गर्दीच्या वेळी खरा स्पीड मोजा आणि त्याच्या ९० ते ९५ टक्के धरा.

पीएफसेन्सऐवजी मायक्रोटिकचा राउटर वापरत असाल तर आधी फास्टट्रॅकचा नियम बंद करा, कारण त्यातून गेलेलं ट्रॅफिक सिंपल क्यूला (तिथल्या स्पीड मर्यादेला) टाळून जातं. शिवाय तिथे मॅक्स-लिमिट लिहिताना अपलोड आधी येतो.

त्या संध्याकाळी साडेसातला मी ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) लावून बसलो. आदल्या दिवशी याच वेळी ४०० मिलीसेकंदांच्या वर जाणारा आकडा आता २० ते ३० मध्ये राहत होता, आणि लिमिटर इन्फोमध्ये हॉलमधल्या सगळ्या फोनचे पत्ते दिसत होते.