जुन्या चेतकचा गंज जपताना

जिन्याखाली कित्येक वर्षे उभी असलेली बजाजची चेतक स्कूटर बाहेर काढली, की पहिला मोह होतो तो तिला साबणाने घासघासून धुण्याचा, आणि दुसरा तिला गॅरेजात नेऊन नवा रंग चढवण्याचा. हे दोन्ही मोह काही दिवस आवरावेत. गाडी उजेडात उभी करून तिची झीज नीट पाहावी, कारण एकदा घासकागद फिरला की जे जाईल ते कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

उडालेल्या रंगाची आणि गंजलेल्या पत्र्याची आवड आता हौशी मंडळींत चांगलीच रुजली आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकातील फोर्ड गाड्या कापून, त्यांत दणकट इंजिने बसवून 'हॉट रॉड' बनवण्याची परंपरा जुनी आहे. पुढे या गाड्या आरशासारख्या चकचकीत आणि अतिशय महाग होऊ लागल्या, तेव्हा त्याला कंटाळलेल्यांनी मुद्दाम खडबडीत, गंजक्या 'रॅट रॉड' गाड्या बांधायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र या आवडीचे मूळ बंडखोरीत नसून घरात आहे. बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातील घरची फिकट निळी चेतक हे त्याचे उदाहरण. तिच्या डाव्या कव्हरच्या खालच्या कडेचा रंग पूर्ण गेला आहे, कारण माझी आई नेहमी एका बाजूला पाय सोडून बसत असे आणि तिची चप्पल तेथे घासत असे. हँडलच्या मध्यावर, जेथे आम्ही भावंडे पुढे उभे राहून धरत असू, तेथे खालचा तांबडा प्रायमर, म्हणजे रंगाआधी देतात तो अस्तराचा थर, दिसतो. हे डाग म्हणजे त्या गाडीवर कोण कसे बसले याची नोंद आहे.

म्हणून पहिले काम वाचनाचे. हाताने आणि पायाने झालेली झीज कडांवर, उंचवट्यांवर आणि मुठीजवळ असते. तिच्या सीमा मऊ असतात आणि मूळ रंग, प्रायमर व उघडा पत्रा असे थर एकाबाहेर एक कड्यांसारखे दिसतात. उन्हाने झालेली झीज वरच्या आडव्या भागांवर असते. तेथे बोट फिरवले तर रंगाची भुकटी हाताला लागते, कारण सूर्यकिरणांनी रंगातील बांधून ठेवणारे द्रव्य मोडलेले असते. तिसरा प्रकार म्हणजे रंगाला आलेले फोड. ते बाहेरून आलेले नसतात. पत्र्याच्या आतल्या बाजूने किंवा सांध्यातून गंज निघाला, की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि रंग उचलून धरतो. पहिले दोन प्रकार जपावेत. तिसरा प्रकार कितीही देखणा वाटला, तरी तो दुखणे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुरात ज्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या पोकळ भागांत गाळ शिरून बसलेला असू शकतो. अशी गाडी आधी उघडून, धुऊन, वाळवून घ्यावी आणि रूपाचा विचार त्यानंतर करावा.

चेतकच्या बाबतीत ही तपासणी जास्त काटेकोर हवी. लॅम्ब्रेटाच्या धर्तीच्या स्कूटरला नळीचा वेगळा सांगाडा असतो आणि पत्रे त्यावर बसवलेले असतात. चेतकचे पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे फूटबोर्ड सडला तर ती शोभेची बाब राहत नाही. गाडी आडवी करून फूटबोर्डच्या खालच्या पट्ट्या पाहाव्यात, कारण चिखल व पाणी तेथेच अडकते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत जावे: चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो, आणि शंका आल्यास टोकदार दाभण दाबून पाहावी. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक अंगावरून फिरवले, तर जेथे पूर्वी पुट्टी भरली आहे तेथे ते धरत नाही. जेथे दाभण आत जाते तेथे कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवण्यावाचून उपाय नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गंजाचा थर खालच्या लोखंडाचे रक्षण करतो, असे पुष्कळ जण सांगतात. कॉर-टेन या नावाने विकल्या जाणाऱ्या, तांबे, क्रोमियम आणि फॉस्फरस मिसळलेल्या पोलादाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. गाड्यांच्या साध्या पत्र्याच्या बाबतीत ते खरे नाही. या पत्र्यावरचा गंज सच्छिद्र असतो, त्यात ओलावा मुरतो आणि काम खाली चालूच राहते. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की हा वेग वाढतो, आणि बडोद्याचा पावसाळा तर त्याहून बराच दमट असतो. तेव्हा गंजाचा रंग ठेवायचा आणि त्याची वाढ थांबवायची, अशी दुहेरी कसरत करावी लागते.

ही कसरत दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करावी. प्रथम सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ कापड एवढ्यानेच धुवावे. कपडे धुण्याचा सोडा किंवा तारेचा ब्रश जवळही ठेवू नये. सुटलेली गंजाची पापडी नायलॉनच्या ब्रशने झाडावी. घट्ट बसलेला लालसर थर राहू द्यावा. गाडी दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्यावी. बाजारात मिळणारे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचे रसायन, दर्शनी भागावर वापरू नये, कारण त्यातील टॅनिक आम्ल गंजाला काळे करते आणि ज्या तांबूस छटेसाठी हा सारा खटाटोप, तीच नाहीशी होते. फूटबोर्डच्या खाली आणि कव्हरच्या आत मात्र ते अवश्य लावावे, आणि त्यावर प्रायमर व रंग द्यावा.

दर्शनी भागासाठी माझी पसंती उकळलेल्या जवसाच्या तेलाला आहे. फडक्याने अगदी पातळ हात द्यावा, वीस मिनिटांनी उरलेले तेल कोरड्या कापडाने पुसून काढावे आणि काही दिवस वाळू द्यावे. मी पहिल्या वेळी हौसेने भरपूर तेल चोपडले, तेही जुलैमध्ये. परिणामी गाडी दिवाळीपर्यंत चिकट राहिली आणि रस्त्याची सारी धूळ तिने अंगावर घेतली. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेटू शकते, म्हणून ते उघड्यावर पसरून वाळवावे किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावे. मॅट क्लिअर लॅकरचा, म्हणजे चमक नसलेल्या पारदर्शक रोगणाचा, पर्यायही आहे आणि रोज वापरण्याच्या गाडीला तो अधिक टिकतो, पण त्यावर ओरखडा पडून पाणी आत शिरले तर गंज लॅकरच्या खालून पसरतो आणि सगळा थर खरवडून काढावा लागतो. तेल पुन्हा पुन्हा देता येते, हा त्याचा मोठा गुण.

नव्याने जोडलेला पत्रा जुन्या अंगाशी जुळवणे हा या कामातील सर्वांत अवघड आणि सर्वांत रंजक भाग आहे. थर खऱ्या गाडीच्या क्रमानेच चढवावेत: आधी तांबडा प्रायमर, त्यावर मूळ छटेपेक्षा किंचित फिकट रंग, तोही चमक नसलेला. मग पाणी घेऊन ८०० नंबरच्या बारीक घासकागदाने कडांवरून सुरुवात करून आत यावे. मी माझ्या गाडीच्या पुढच्या ढालीच्या, म्हणजे पायांपुढच्या उभ्या पत्र्याच्या, मध्यभागी छान गोल डाग घासून काढला होता. येथील विद्यापीठात ललित कलांचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाच्याने तो पाहून एवढेच विचारले, "मामा, इथे कोणाचा हात लागत होता?" तो डाग मी दुसऱ्या दिवशी रंगवून टाकला. जेथे हात, पाय, ऊन वा पाऊस पोहोचत नाही तेथे झीज दाखवली, की पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी खोटेपणा जाणवतो. स्पंजाने नारिंगी ठिपके मारून केलेला गंज तर दहा पावलांवरून ओळखू येतो.

जीर्णपणा फक्त रंगात शोभतो. ब्रेकचे बूट, केबली, टायर, वायरिंग, दिवे आणि हॉर्न हे सर्व नवे किंवा निर्दोष असावे. टायरची नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होऊन चिरले असेल तर तो बदलावा. पेट्रोलची टाकी आतून गंजली असेल तर ती स्वच्छ करून घ्यावी, कारण तेथील कण कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रे, तुंबवतात.

कागदपत्रांची बाजूही पाहावी. रंगाची नोंद आरसी पुस्तकात असते. मूळ रंग उडाला म्हणून रंग बदलला असे होत नाही, परंतु पूर्ण गाडी गंजाच्या छटेत रंगवून घ्यायची असेल तर आरटीओची मंजुरी घेऊन ती नोंद बदलावी लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि नूतनीकरणाच्या वेळी तपासणी होते, तेव्हा नंबर पाटी मात्र 'जुनी आणि सुंदर' ठेवू नये. चेतक १९७२ मध्ये बाजारात आली, म्हणून अगदी सुरुवातीच्या गाड्या आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. अशी गाडी नंतर रोजच्या वापरात आणता येत नाही, म्हणून जिला भाजी आणायला न्यायचे आहे तिच्या बाबतीत या वाटेला जाऊ नये.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा, गाडी कोरडी असताना, सर्व उघड्या पत्र्यावरून पांढरे फडके फिरवावे. फडके स्वच्छ राहिले तर काही करू नये. त्यावर तांबूस भुकटी आली, तर ज्या जागी आली तेवढ्याच जागी तेलाचा पातळ हात द्यावा.