आंबोलीच्या ढगात पक्षी टिपताना

पहिल्या पावसाळ्यात आंबोलीहून 400 फोटो घेऊन कुडाळला परतलो. संगणकावर उघडले तर सगळे राखाडी, धुतल्यासारखे. दोष लेन्सचा वाटला, म्हणून भाड्याने 600 मिमीची आणली. तरी तेच! 690 मीटर उंचीवरच्या त्या जंगलात पावसाळाभर ढग मुक्कामाला असतो. पक्षी 40 मीटरवर असेल तर मधला 40 मीटरचा ढगही फोटोत येतो. लेन्स पक्ष्याला मोठं करते, ढग बाजूला सारत नाही. अंतरच कमी करावं लागतं आणि पाठलागाने ते वाढतं.

शीळकरी कस्तूर पहाटे अगदी माणसासारखी शीळ घालतो. मी त्या शिळेमागे धावत होतो, तेव्हा गावातले एक आजोबा म्हणाले, "झिला, बस मरे थंय. तोच येतलो." ओढ्यातल्या ठरावीक दगडांवर तो पुन्हा पुन्हा येतो, हे त्यांना ठाऊक होतं. पाऊण तासाने आठ मीटरवर उतरला. खांद्यावरची निळाई पहिल्यांदा दिसली, फोटोतसुद्धा.

पांढऱ्या धुक्याला कॅमेरा भरपूर उजेड समजतो आणि पक्षी काळा पडतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +1 ठेवून बघा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) 3200 ला घाबरू नका, फोटोत येणारे दाणे परवडतात, हललेला फोटो नाही. पक्षी निश्चल बसला असेल तर ट्रायपॉडवर 1/60 सेकंदाचा शटर पुरतो. फाइल रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात, घ्या.

घाटाखाली व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) तिबोटी खंड्या पावसाबरोबर विणीला येतो. जेमतेम 13 सेंमीचा, पण त्याच्यासाठी झुंबड उडते. घरटं मातीच्या दरडीतलं बीळ. त्याच्यासमोर तुम्ही उभे असाल तर तोंडात पाल धरलेले नर-मादी आत जात नाहीत, पिल्लं उपाशी राहतात. तिथे थांबूच नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्यांशी माझं पटत नाही, ते यामुळेच.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नका, काच आतून-बाहेरून धुरकटते. अर्धा तास बॅगेतच राहू द्या. माझी पहिली लेन्स मात्र जंगलात नाही, घरच्या कपाटात गेली: गणपतीत काढली तर आत बुरशीची जाळी. आता ओल शोषणारं सिलिका जेल टाकलेला हवाबंद डबा वापरतो. आणि जळवांसाठी मोज्यांवर तंबाखूचं पाणी. त्याचा वास आमच्या गाडीला दिवाळीपर्यंत येतो.