सेलच्या गर्दीत लॅपटॉप घेताय? आधी ऑपरेटिंग सिस्टिमचं बघा

सणांचे सेल लागले की लॅपटॉपच्या काउंटरवर झुंबड उडते आणि त्या रेटारेटीत बहुतेक जण तीनच गोष्टी बघतात, किंमत किती उतरली, प्रोसेसर कुठला आणि रॅम किती. आत ऑपरेटिंग सिस्टिम (विंडोज, मॅकओएस, क्रोमओएस वगैरे) कुठली आहे, कुठल्या प्रकारातली आहे, अजून किती वर्षं अपडेट मिळणार हे विचारायचं कोणाला सुचतच नाही. आणि नंतरचा वैताग मात्र जवळपास सगळा तिथूनच येतो. प्रिंटर ओळखत नाही, रोजचं सॉफ्टवेअर बसत नाही, डिस्क बघता बघता भरते, ऐन कामाच्या वेळी अपडेट सुरू होतं. ओळखीपाळखीत कोणाचा कॉम्प्युटर अडला की फोन मला येतो, त्यामुळे हे प्रकार मी सतत बघतोय, आणि यातलं निम्म्याहून जास्त दुकानात उभ्या उभ्या टाळता येतं हे माझं ठाम मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे नवीन मशीन लागतंय का खरंच? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि "आता जुना लॅपटॉप बाद" असं धरून लोक थेट सेलच्या रांगेत लागले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पण कित्येक मशीनमधे ही चिप असते, फक्त बायोसमधून, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमधून, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर ती पीटीटी या नावाने सापडते, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम म्हणून. ती चालू केली आणि मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट टूल चालवलं की अपग्रेड होईल का नाही ते लगेच कळतं. मशीन चालतं पण हळू आहे आणि आत अजून फिरणारी हार्ड डिस्क आहे, तर आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून बघा, फरक पहिल्याच स्टार्टला दिसतो. विंडोज ११ बसतच नसेल तरी घरगुती वापरासाठी विंडोज १० ची एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्सची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, म्हणजे याच सेलमधे घ्यायलाच हवं अशी घाई नसते. किंवा लिनक्स मिंट, उबुंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, त्यातलं काहीतरी पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच चालू करून बघा, डिस्कवरचं काही न पुसता वायफाय, आवाज, टचपॅड सगळं चालतंय का ते कळतं.

घ्यायचंच ठरलं तर घरी बसून एक यादी करा, आणि ही यादी फीचर्सची नको, तुम्ही जे वापरता त्याची हवी. कुठली सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि स्कॅनर कुठल्या मॉडेलचे, डिजिटल सहीचं टोकन लावता का, ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) कुठलं, घरात कोणी गेम खेळतं का आणि कुठले. मग प्रत्येकासमोर ते कशावर चालतं ते लिहायचं, त्या त्या कंपनीच्या सपोर्ट पेजवर बघून. कंटाळवाणं काम आहे पण पुढचं सगळं यावरच ठरतं, कारण दुकानात "सगळं चालतं हो" हेच उत्तर मिळणार. त्यात दुकानातल्या पोरांचाही दोष नाही, चारी बाजूंनी माणसं प्रश्न विचारत असतात, प्रत्येकाचा प्रिंटर त्यांना कुठून माहिती असणार.

आता नेमकं कुठे घोडं अडतं ते बघू.

स्वस्तातल्या विंडोज लॅपटॉपमधे एस मोड असू शकतो. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच अ‍ॅप्स बसतात, बाहेरून उतरवलेला प्रोग्रॅम तो बसवूच देत नाही. याला घाबरून जायचं कारण नाही, स्टोअरमधे जाऊन एस मोडमधून फुकट बाहेर पडता येतं, फक्त एकदा बाहेर पडलात की परत आत जाता येत नाही. जास्त भानगड आहे ती एआरएम प्रोसेसरची, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, मोबाइलमधे असतात तशा घडणीच्या प्रोसेसरची. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्सवाले विंडोज लॅपटॉप बरेच आलेत, बॅटरी छान टिकते, तापत नाहीत, आणि ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल तर मी बेधडक घ्या म्हणेन. पण त्यात इंटेल-एएमडीसाठी बनलेले नेहमीचे प्रोग्रॅम एम्युलेशनवर, म्हणजे आतल्या आत भाषांतर होऊन, चालतात आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी वस्तू चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) मात्र खास एआरएमसाठी बनवलेलाच लागतो, त्याला एम्युलेशन चालत नाही. म्हणजे जुना प्रिंटर, स्कॅनर, काही व्हीपीएन आणि चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर असलेले काही ऑनलाइन गेम इथे अडकू शकतात. तुमच्या यादीत यातलं काही असेल तर ऑफर कितीही मोठी असू दे, आधी ड्रायव्हर शोधा आणि मगच पुढचं बोला.

क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, घेणाऱ्यांनी एकच गोष्ट नीट बघायची, अपडेट कधीपर्यंत मिळणार. गूगलने २०२३ मधे दहा वर्षांच्या अपडेट्सचं जाहीर केलं, पण ती दहा वर्षं त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही विकत घेतलंत त्या दिवसापासून नाही. सेलमधे जुना स्टॉक बाहेर काढतात, मग दहातली काही वर्षं आधीच उडालेली असतात. सेटिंग्जमधे क्रोमओएसच्या माहितीच्या पानावर ही तारीख स्वच्छ लिहिलेली असते, डेमो पीसवरसुद्धा बघता येते.

मॅकचं थोडक्यात सांगायचं तर इंटेलवाला मॅक आता स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. मॅकओएस २६ टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मोठी आवृत्ती आहे असं अ‍ॅपलनेच सांगितलंय. अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम सीरिज चिपच्या मॅकवर बूट कॅम्पने (मॅकवर विंडोज टाकायचं अ‍ॅपलचं टूल) विंडोज टाकता येत नाही, आणि लॅपटॉपमधली रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे ती घेतानाच ठरवायची.

"डॉस" किंवा "फ्रीडॉस" लिहिलेला लॅपटॉप म्हणजे त्यात विंडोज नाही. लिनक्स टाकणार असाल तर उत्तम सौदा. नाहीतर विंडोजचं लायसन्स वेगळं घ्यावं लागेल, ते किमतीत मिळवा आणि मग तुलना करा. अगदीच मातीमोल भावात मिळणाऱ्या लायसन्स कीच्या नादाला लागू नका, आज अ‍ॅक्टिव्हेट झाली तरी ती उद्या बाद होणार नाही याची काही शाश्वती नसते.

आणि डिस्क. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते, प्रत्यक्षात अशा मशीनवर काम करणं म्हणजे शिक्षा आहे. ६४ जीबीची ईएमएमसी (स्वस्त लॅपटॉपमधे एसएसडीऐवजी असणारी हळू स्टोरेज) असलेल्या लॅपटॉपवर विंडोजचं मोठं अपडेट आलं की जागाच पुरत नाही, मग फाइली पुसत बसायचं, पुढच्या अपडेटला परत तेच. मी तर रॅम १६ जीबी आणि एसएसडी ५१२ जीबी धरा म्हणतो, बजेट नसेल तर रॅम ८ आणि एसएसडी २५६, पण त्याखाली जाऊ नका. जाता जाता, २५६ जीबीची डिस्क विंडोजमधे साधारण २३८ दिसते, ५१२ ची ४७६ दिसते, यात कोणी फसवलेलं नसतं, कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच.

आता गर्दीचं. सेलच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, जमत असेल तर कामाच्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या जा, तेव्हा डेमो पीस हाताळायला मिळतात आणि बोलायला माणूस मिळतो. बरोबर एक जण न्या पण एकच, चार जण गेले की चार मतं होतात. दोन मॉडेल आधीच ठरवून जायचं, नुसतं नाव नाही तर पूर्ण मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरांसकट लिहून न्यायचा, कारण एकाच नावाखाली वेगळी रॅम, वेगळा स्क्रीन, कधी वेगळा प्रोसेसरसुद्धा असतो आणि गर्दीत नेमका दुसराच डबा हातात पडतो. "शेवटचे दोनच राहिलेत" ऐकलं की पाय डगमगतात, तेव्हा सरळ दुकानाबाहेर येऊन यादी परत वाचायची. ऑनलाइन सेलमधे तो उलटा धावणारा टायमर तेच काम करतो, तिथेही मॉडेल नंबर, रिटर्नची मुदत आणि विकणारा कोण हे तीन बघितल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

डेमो पीससमोर उभं राहिलात की सेटिंग्ज उघडा, सिस्टिम, मग खाली अबाउट. तिथे सिस्टिम टाइप म्हणून एक ओळ असते. त्यात ६४ बिटच्या पुढे एक्स६४ (म्हणजे नेहमीचा इंटेल-एएमडी) लिहिलंय का एआरएम ते वाचा. त्याच पानावर रॅम दिसते आणि खाली होम आहे का प्रो तेही दिसतं, एस मोड असेल तर तोही तिथेच लिहिलेला असतो. मिनिटभराचं काम आहे आणि डब्यावरच्या स्टिकरपेक्षा यावर जास्त विश्वास ठेवा. होम का प्रो याचा मात्र फार विचार करू नका, बाहेरून रिमोट डेस्कटॉपने याच मशीनवर यायचं असेल किंवा ऑफिसने मागितलं असेल तरच प्रो.

सेल संपत आला की डिस्प्ले पीससुद्धा सवलतीत काढतात. तो घ्यायचा असेल तर बॅटरी तपासल्याशिवाय नको, कारण तो महिनोन्‌महिने चार्जरला लावलेलाच असतो. कमांड प्रॉम्प्टमधे पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की एक रिपोर्ट तयार होतो. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ असेल तर ठीक, बराच खाली असेल तर तेवढी किंमत अजून कमी करून मागा नाहीतर सोडून द्या.

घरी आणल्यावर डबा, थर्माकोल, पिशव्या काही फेकू नका, रिटर्नची मुदत आहे तोवर सगळं ठेवायचं. त्याच दिवशी जुना डेटा भरायला बसू नका. चार्जर लावून आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, दोन तीनदा रिस्टार्ट होतं, वेळ लागतो, म्हणून हे संध्याकाळी करा, सकाळी मीटिंगच्या तोंडावर नको. मग तुमच्या यादीतली प्रत्येक वस्तू लावून बघा, एक पान प्रिंट करा, एक स्कॅन करा, व्हीपीएन जोडा. काही अडलं तर मुदतीतच परत करता येतं, महिन्याभराने कोणी ऐकून घेत नाही.

यानंतरची गोष्ट मी सगळ्यांना हात जोडून सांगतो, रिकव्हरी कीची, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडायच्या आकड्याची, प्रत काढा. विंडोज ११ मधे मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्कचं एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं) आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. ते चांगलंच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर डेटा वाचता येत नाही. पण कधीतरी बायोस अपडेट होतं किंवा बोर्ड बदलला जातो आणि निळा स्क्रीन येऊन ४८ आकडी की मागतो. ती नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही, सर्व्हिस सेंटरलाही नाही आणि मायक्रोसॉफ्टलाही नाही. घरातल्या फोटोंसाठी रडकुंडीला आलेली माणसं बघितली आहेत मी, लॅपटॉप कोणत्यातरी जुन्या ईमेलने सेट केलेला, त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही, आणि की त्याच अकाउंटमधे. म्हणून सेटअप करताना रोज वापरात असलेलाच ईमेल द्या, मोबाइल नंबर जोडा, आणि अकाउंटच्या पानावरून ती की कागदावर उतरवून लॅपटॉपच्या पावतीबरोबर ठेवा.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणीची सोय, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपणहून क्लाउडवर न्यायला लागतं आणि फुकट जागा फक्त ५ जीबी, मग "जागा भरली" चे मेसेज सुरू. हवं असेल तर ठेवा, नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून बॅकअप बंद करा, फक्त त्या फाइली परत कॉम्प्युटरवर आल्यात ना ते बघून मगच तिकडच्या पुसा. ट्रायलवर आलेला अँटिव्हायरस काढून टाका, विंडोजमधलाच डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आपोआप चालू होतो आणि घरच्या वापराला पुरतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात स्टार्टअपमधे जाऊन नको ते बंद करा. अपडेटच्या सेटिंगमधे अ‍ॅक्टिव्ह अवर्समधे तुमच्या कामाचे तास टाका, १८ तासांपर्यंत टाकता येतात, म्हणजे त्या वेळात तो आपला आपण रिस्टार्ट होत नाही. परीक्षा किंवा मोठं काम तोंडावर असेल तर अपडेट्स पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, पण काम झालं की लगेच चालू करा.

आणि निदान ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा इन्स्टॉलेशन ड्राइव्ह बनवून ठेवा. विंडोजबरोबर आलेल्या लॅपटॉपचं लायसन्स बोर्डमधेच असतं, त्यामुळे पुढे कधी सगळं पुसून परत टाकायची वेळ आली तर की शोधत बसावं लागत नाही, तीच आवृत्ती टाकली आणि इंटरनेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेट होतं. जुना कॉम्प्युटर मात्र लगेच कोणाला देऊ नका. नव्यावर सगळं आलंय अशी खात्री होईपर्यंत तो तसाच राहू द्या, ब्राउझरमधले पासवर्ड, मेलच्या जुन्या फाइली, डाउनलोड्समधे पडलेली कागदपत्रं हमखास मागे राहतात, आणि देताना रिसेटमधला सगळं काढून टाकायचा पर्याय घेऊन ड्राइव्ह साफ करायलाही सांगा.