‘माझ्याकडे तर चालतंय’: टूलच्या इन्स्टॉलेशनच्या सूचना नीट कशा लिहाव्यात

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या एखाद्या टूलची रीडमी, म्हणजे सोबतची माहितीची फाइल उघडा. ‘इन्स्टॉलेशन’ या मथळ्याखाली पुष्कळदा एकच ओळ असते: एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारं साधन) इन्स्टॉल आणि पुढे टूलचं नाव. लिहिणाऱ्याच्या लेखी विषय तिथे संपतो, वाचणाऱ्याचा तिथून सुरू होतो.

माझ्या एका छोट्या टूलच्या सूचना मी एका मैत्रिणीला दिल्या आणि शेजारी बसून नुसतं बघत राहिलो. ती प्रोग्रामर नाही, पण कंप्युटरला बिचकणारीही नाही. गाडी पहिल्याच ओळीवर अडली. मी सवयीने कमांडच्या आधी डॉलरचं चिन्ह टाकलं होतं. तिने चिन्हासकट ओळ कॉपी केली आणि टर्मिनलने ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणून हात वर केले. डॉलर हा प्रॉम्प्ट, म्हणजे टर्मिनल कमांडची वाट बघतंय याची खूण आहे, कमांडचा भाग नाही, हे तिला कसं कळावं? त्यानंतर मी सूचना ज्या क्रमाने सुधारल्या, तो असा.

आधी कोऱ्या मशीनवर बसा

सूचना तपासायला स्वतःचा कंप्युटर सर्वांत निरुपयोगी. त्यावर वर्षानुवर्षं साठलेलं सगळं असतं: नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), गिट, कंपायलर, कधीतरी बदललेली आणि आता विसरलेली सेटिंग्ज. डॉकर (वेगळं, कोरं वातावरण उभं करणारं साधन) वापरत असाल तर नोडच्या अधिकृत इमेजमध्ये, म्हणजे तयार साच्यात, सूचना अक्षरशः ओळीने चालवून बघा. मात्र ‘स्लिम’ इमेज घ्या. नेहमीच्या मोठ्या इमेजमध्ये पायथन आणि सी प्लस प्लसचा कंपायलर आधीच असतो, त्यामुळे नेमकी हवी ती अडचण लपून राहते. विंडोजसाठी मात्र कुणाचा तरी खराखुरा विंडोज कंप्युटर मागून घ्यावा लागतो, त्याला इलाज नाही.

तपासताना आपल्या कोडच्या फोल्डरमधून टूल चालवू नका. ‘एनपीएम पॅक’ ही कमांड द्या. प्रकाशित होताना जे पॅकेज तयार होतं तेच ती एका दाबलेल्या फाइलमध्ये बांधून देते. ती फाइल दुसरीकडे नेऊन इन्स्टॉल करा. पॅकेज डॉट जेसन या पॅकेजच्या माहितीच्या फाइलमधल्या ‘फाइल्स’ या यादीत एखादं फोल्डर लिहायचं राहिलं असेल, तर ते इथेच उघडं पडतं.

नोडचं व्हर्जन आकड्यात सांगा

‘नोड असणं आवश्यक’ एवढं पुरत नाही. उबुंटू २२.०४ वर नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे एपीटी या उबुंटूच्याच साधनाने, नोड घेतलं तर १२ व्हर्जन मिळतं. उबुंटूची ही आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली आणि त्याच महिन्यात नोड १२ चा सपोर्ट संपला! अशा मशीनवर तुमच्या कोडमधलं प्रश्नचिन्ह-टिंबाचं (ऑप्शनल चेनिंगचं) साधं वाक्यही चालत नाही, कारण ते नोडमध्ये १४ पासून आलं. माणसाला दिसतं फक्त ‘सिंटॅक्स एरर’, आणि त्याला वाटतं टूलच बिघडलेलं आहे.

म्हणून किमान व्हर्जन लिहा, आणि ‘नोड डॅश डॅश व्हर्जन’ ही कमांड देऊन ते कसं बघायचं हेही लिहा. पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘इंजिन्स’ (नोडचं कुठलं व्हर्जन लागतं ते) भरलंत तरी एनपीएम आपणहून फक्त इशारा देतं, अडवत नाही. टूलने स्वतःच सुरुवातीला व्हर्जन तपासलं तर उत्तम. पण तपासणीची ती फाइल जुन्याच वाक्यरचनेत लिहा. तिच्यातच नवी रचना असेल तर तपासणीची ओळ चालण्याआधीच फाइल कोसळते. ही चूक मी केलेली आहे.

एकच रस्ता पुढे ठेवा

एनपीएक्सने न बसवताच चालवता येतं, ग्लोबल बसवता येतं, प्रोजेक्टपुरतं बसवता येतं. शिवाय एनपीएमऐवजी वापरायची यार्न आणि पीएनपीएम ही साधनं आहेतच. हे सगळं एकाखाली एक मांडलं की नवखा माणूस कुठला रस्ता आपला, याच विचारात पडतो. एकदाच वापरायचं टूल असेल तर एनपीएक्स. ते २०१७ पासून एनपीएमबरोबरच येतं, वेगळं काही लागत नाही. टीमने मिळून वापरायचं असेल तर प्रोजेक्टमध्ये डेव्ह डिपेंडन्सी (फक्त कोडवर काम करताना लागणारं पॅकेज) म्हणून बसवा, म्हणजे नेमकी व्हर्जन नोंदणाऱ्या लॉक फाइलमुळे सगळ्यांकडे एकच व्हर्जन राहतं. बाकीचे पर्याय खाली, बारीक मथळ्याखाली.

गिट क्लोन आणि ‘एनपीएम सीआय’ या कमांड तुमच्या कोडमध्ये हात घालणाऱ्यांसाठी आहेत. त्या वेगळ्या फाइलमध्ये टाका.

प्रत्येक कमांडखाली काय दिसेल ते लिहा

सगळ्यात जास्त फरक याने पडला. इन्स्टॉल होताना ‘डेप्रिकेटेड’ आणि ‘व्हल्नरेबिलिटीज’ अशा शब्दांच्या ओळी येतात. सरावलेला माणूस तिकडे बघतही नाही, नवखा घाबरून टर्मिनल बंद करतो. ‘अशा ओळी दिसल्या तरी इन्स्टॉल अडलेलं नाही, शेवटी अमुक ओळ आली की झालं’ एवढं एक वाक्य पुरतं. त्याखाली खात्री करायची कमांड द्या आणि तिचं उत्तर जसंच्या तसं छापा.

अडण्याच्या ठरलेल्या जागा

एररचा मजकूर सूचनांमध्ये शब्दशः ठेवा. अडलेला माणूस तोच मजकूर शोधत येतो, तुमचं सुबक वर्णन नाही.

मॅक आणि लिनक्सवर ग्लोबल इन्स्टॉलला पुष्कळदा ‘परमिशन डिनाइड’ येतं, कारण पॅकेज जिथे बसतं ते फोल्डर रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या मालकीचं असतं. इथे ‘सुडो लावा’, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालवा, असं सांगायचा मोह होतो. सांगू नका. त्याने अनोळखी पॅकेजच्या स्क्रिप्टना सगळ्या मशीनच्या किल्ल्या मिळू शकतात, शिवाय रूटच्या मालकीच्या फाइली मागे राहून पुढे आणखी एरर येतात. एनव्हीएमसारखा व्हर्जन मॅनेजर वापरायला सांगा, म्हणजे नोड वापरणाऱ्याच्याच होम फोल्डरमध्ये बसतं. एनव्हीएम विंडोजवर थेट चालत नाही. तिथलं तशाच नावाचं साधन हा वेगळा प्रकल्प आहे, त्यामुळे कमांडही वेगळ्या लिहा.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टिम’ असं येऊ शकतं. सोपा उपाय म्हणजे तीच कमांड साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवणं. सुरक्षेचं धोरण बदलायला लावण्याआधी हे सुचवा.

‘नोड-जिप’चं नाव असलेला लांबलचक एरर आला, तर एखादं पॅकेज जागेवरच कंपाइल होऊ बघतंय आणि पायथन किंवा कंपायलर सापडत नाही, असं बहुधा असतं. तुमच्या टूलला ते लागणार असेल तर पहिल्या पायरीच्या आधी सांगा, चाळीस ओळींच्या एररनंतर नको.

काढून टाकायची कमांडही द्या. परत काढता येतं म्हटल्यावर लोक बिनधास्त बसवून बघतात.

नव्या व्हर्जनबरोबर पुन्हा चालवा

सूचनांमधल्याच कमांड सीआयमध्ये (तपासण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्हीकडे दर रिलीजला चालवा. कुणी ‘इन्स्टॉल होत नाही’ असं कळवलं, तर आधी रीडमी दुरुस्त करा आणि उत्तरात तिची लिंक द्या. उलट क्रमाने केलं की दुरुस्ती राहून जाते.

सगळं आवरून मी नव्या सूचना पुन्हा त्याच मैत्रिणीला दिल्या, या वेळी दुसऱ्या, नोड नसलेल्या लॅपटॉपवर. तिने नोड बसवलं, आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलमध्ये पुढची कमांड दिली आणि नोड सापडेना. नवा पाथ, म्हणजे प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी, जुन्या खिडकीला ठाऊक नव्हता. ‘टर्मिनल बंद करून परत उघड,’ मी म्हटलं.

‘हे कुठे लिहिलंयस?’ तिने विचारलं. लिहिलं नव्हतं.