कमी बजेटमध्ये क्रूसेडर नाइटची फिल्म कशी करायची: तहान, धूर आणि एक निशाण

सगळ्यात आधी स्क्रिप्टमधून लढाई काढून टाका. म्हणजे लढाई झालेली असू दे, पण ती दाखवायची नाही. पन्नास माणसं आणि पाच घोडे घेऊन केलेली लढाई पन्नास माणसांचीच दिसते, कॅमेरा कितीही हलवा, आणि तसंही क्रूसेडमध्ये, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी मुसलमानांशी केलेल्या धर्मयुद्धात, ज्या नाइटचा (चिलखत घालून घोड्यावरून लढणाऱ्या योद्ध्याचा) देवावरचा विश्वास हलला त्याची गोष्ट लढाईत नसतेच, ती दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते.

कुठली लढाई घ्यायची म्हणाल तर मी हित्तीन सांगेन. ४ जुलै ११८७, गॅलिलीच्या तळ्याच्या पश्चिमेला. जेरुसलेमच्या क्रूसेडर राज्याचा राजा गी आदल्या दिवशी सफूरियाचे झरे सोडून सैन्य घेऊन तिबेरियासकडे निघाला, वाटेत एवढ्या लोकांना पुरेल असं पाणी नाही, डोक्यावर जुलैचं ऊन आणि दिवसभर मुसलमान सुलतान सलादीनच्या घोडेस्वारांचे बाण. रात्र तशीच तहानेत काढली. सकाळी सलादीनच्या लोकांनी वाळलेलं गवत पेटवलं आणि सगळा धूर ह्या ख्रिस्ती सैन्याच्या तोंडावर. पायदळ टेकडीवर चढून बसलं ते खाली यायलाच तयार नाही. आणि येशूला ज्या क्रूसावर खिळलं त्याचाच तुकडा असं मानून जो क्रूस हे लोक लढाईत पुढे घेऊन जायचे, तो आक्रे शहराच्या बिशपाकडे होता, बिशप मारला गेला आणि क्रूस सलादीनच्या हातात गेला. तीन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबरला, जेरुसलेमही गेलं. तहान, धूर, हरवलेला क्रूस, तिन्ही गोष्टी आपल्याला परवडतात.

आता जिथे बहुतेक स्क्रिप्ट फसतात ते. आपण आजच्या माणसाची शंका उचलतो आणि बाराव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी घालतो, "देव आहे की नाही" वगैरे. तो माणूस असा विचार करत नव्हता. त्याच्यासाठी देव होताच. प्रश्न होता की देव आपल्या बाजूने होता, मग हरलो कसे? ह्याचं तयार उत्तर त्या काळी चर्चकडे होतं, आमच्या पापांमुळे. पराभव झाला की हेच उत्तर. म्हणजे आपल्या नाइटची श्रद्धा कधी हलते? जेव्हा हे उत्तर त्याला पुरत नाही तेव्हा. पाण्यासाठी तडफडलेल्या पंधरा वर्षांच्या पोऱ्याने कुठलं पाप केलं होतं, हे त्याला समजत नाही. इथून लिहायला घ्या, संवाद आपोआप खरे येतील.

हिरो टेम्प्लर ठेवा, म्हणजे साधूंसारखी व्रतं घेऊन लढणाऱ्या नाइटांच्या संघटनेतला. कारण टेम्प्लरांची नियमावली आजही वाचायला मिळते आणि ती म्हणजे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यासाठी खजिना आहे. त्यातला एक नियम असा की त्यांचं काळंपांढरं निशाण उभं असेपर्यंत मैदान सोडायचं नाही, सोडलं तर संघटनेतून कायमचं बाहेर. निशाण पडलं तर आधी हॉस्पिटलरांच्या, म्हणजे अशाच दुसऱ्या संघटनेच्या, निशाणाकडे जायचं, तेही नसेल तर दुसऱ्या कुठल्याही ख्रिस्ती निशाणाकडे, आणि एकही उरलं नाही तरच जीव वाचवायची मुभा. आता कल्पना करा, आपला माणूस हित्तीनमधून जिवंत निसटलाय. धुरात त्याला दिसलंच नाही की निशाण उभं होतं की पडलं होतं. आणि मागे राहून पकडले गेलेल्या टेम्प्लर आणि हॉस्पिटलरांना, साधारण दोनशे जणांना, दोन दिवसांनी ठार मारलं. हे त्याला वाटेत कळतं. तो पळपुटा आहे की देवाने त्याला वाचवलंय? मला तर हा एकच प्रश्न अख्ख्या फिल्मला पुरेसा वाटतो आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत देऊ नका, फ्लॅशबॅकमध्येसुद्धा निशाण दाखवू नका, फक्त धूर.

प्रार्थनेचाही असाच उपयोग होतो. ज्या टेम्प्लराला चर्चमधल्या उपासनेला हजर राहता येत नसेल त्याने पहाटेच्या प्रार्थनेऐवजी १३ वेळा "आमच्या बापा" म्हणायचं, संध्याकाळी ९ वेळा, दिवसातल्या बाकीच्या वेळांना ७ वेळा. पहिल्या सकाळी तो १३ पूर्ण करतो. दुसऱ्या सकाळी नवावर थांबतो, परत पहिल्यापासून. तिसऱ्या सकाळी नुसतीच बोटं हलतात. एवढ्यात प्रेक्षकाला सगळं कळतं, वेगळा डायलॉग लागत नाही. प्रार्थना मात्र लॅटिनमध्येच ठेवा आणि ॲक्टरकडून महिनाभर आधीपासून पाठ करून घ्या, वाचल्यासारखी आली तर सगळं कोसळेल. बाकीचे संवाद साध्या मराठीत. "हे प्रभो, मज पामरास" असलं काही नको, हे लोक आपसात रोजच्या बोलीतच बोलायचे.

लोकेशनबद्दल एक गोष्ट समजली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. हित्तीनची ती दोन शिंगांसारखी टेकडी म्हणजे विझलेला ज्वालामुखी आहे, तिथला दगड काळा बेसॉल्ट. आणि आपलं अख्खं पठार कशाचं आहे? एप्रिल-मे मध्ये घाटमाथ्याच्या पूर्वेला कुठलाही उघडा माळ घ्या, काळा दगड, गुडघाभर पिवळं गवत, झाड नाही. परदेशात जायची गरजच नाही. फक्त फ्रेममध्ये निवडुंग आणि विजेचे खांब येऊ देऊ नका, निवडुंगाचे फड मूळचे अमेरिकेतले, ११८७ मध्ये तिथे नव्हते. जुनी चर्चेस दाखवायचा मोह होईल, गोवा किंवा वसई, पण ती पोर्तुगीजांची आहेत, चारशे वर्षं नंतरची. त्यापेक्षा एक दगडी भिंत, एक तेलाचा दिवा आणि अंधार.

धूर दाखवायचा म्हणून माळावरचं गवत कधीही पेटवू नका, वणवा कसा पसरतो हे गावातल्या माणसांना विचारा. पत्र्याच्या घमेल्यात गोवऱ्या आणि वर ओला पाला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला दोन माणसं, शेजारी पाण्याचे ड्रम. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा घमेलं कॅमेऱ्याच्या फार जवळ ठेवलं आणि ॲक्टरला खोकल्यामुळे अर्धा दिवस बसवून ठेवावं लागलं, तेव्हा अंतर ठेवा आणि मोठे टेक घेऊ नका.

कपडे. खरं साखळी-चिलखत दहा-बारा किलोच्या वर जातं आणि महाग पडतं. नाटकवाल्यांची जुनी युक्ती वापरा, जाड सुतळी किंवा लोकर सैल विणून घ्यायची, काळा रंग मारायचा आणि वाळल्यावर कोरड्या ब्रशने चंदेरी हात फिरवायचा. चार फुटांवरून लोखंड वाटतं. त्याला आवाज नसतो, म्हणून चालण्याचा आवाज नंतर साखळी आणि चाव्यांचा जुडगा हलवून रेकॉर्ड करा. वरचा पांढरा झगा मांजरपाटाचा, चहाच्या पाण्यात बुडवून मळवलेला, छातीवर लाल कापडाचा क्रूस हातानेच शिवलेला, एक टाका उसवलेला असला तर उत्तम. रात्रीच्या सीनला घोंगडी चालते.

घोडा टाळा. शूटिंगमध्ये प्राणी वापरायचा तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आधी परवानगी लागते, आणि गोष्टीलाही घोडा नको आहे, हित्तीनला बाणांनी घोडे मेले आणि कितीतरी नाइट पायीच उरले. पायी चालणारा नाइट बघितला की हरणं काय असतं ते लगेच समजतं.

दुसरं पात्र म्हणून त्याच भागातला, अरबी बोलणारा कोणीतरी घ्या, सीरियन ख्रिस्ती किंवा मुसलमान शेतकरी. आणि त्याला व्हिलन करू नका, साधू-संतही करू नका. उसामा इब्न मुन्किध नावाच्या सीरियन सरदाराने आठवणीत लिहिलंय की जेरुसलेममध्ये टेम्प्लर त्याला नमाजासाठी जागा करून द्यायचे, एकदा युरोपातून नवीनच आलेल्या एकाने त्याचं तोंड धरून ख्रिस्ती लोक प्रार्थना करतात तसं पूर्वेकडे वळवलं तेव्हा टेम्प्लरांनी त्या माणसाला बाहेर काढलं आणि उसामाची माफी मागितली. म्हणजे आपल्या नाइटचा कधीकाळी असा एखादा ओळखीचा असू शकतो, आणि आता तोच पाण्याचं भांडं घेऊन समोर उभा आहे. हा सीन घाईत उरकू नका, पाणी पिण्याआधीची शांतता पूर्ण एक मिनिट ठेवा.

शूटिंगचा क्रम दाढीवरून ठरवा. टेम्प्लर केस बारीक कापायचे आणि दाढी वाढवायचे, तर ॲक्टरला तीन महिने आधी सांगा, नकली दाढी क्लोजअपमध्ये लगेच पकडली जाते. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर शूट करा. भर दुपारी फक्त तहानेचे शॉट, तेही दहा मिनिटांच्या वर नाही, आणि कट म्हटल्या म्हटल्या ॲक्टरच्या हातात पाणी गेलं पाहिजे.